आडवे, उभे आणि गमरेकाका

गमरेकाकांना तुम्ही काहीही सांगा, ते आधी बोटं मोजतात. डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावरून निघतो, ओठ हलतात, आणि मग आकडा जाहीर होतो. बोलणं त्यानंतर.

आमच्या आळीतले दिघे वारले तेव्हा मी आणि काका भेटायला गेलो होतो. दिघ्यांचा मुलगा डोळे पुसत बाहेर आला. मी विचारलं, काय झालं होतं. तो म्हणाला, "हृदयविकार."

काकांचा अंगठा निघाला. "सहा," ते म्हणाले.

मुलाला वाटलं वेळ विचारतायत. "नाही हो, पावणेपाचला गेले."

"शब्द अवघड हाय," काका मान हलवत म्हणाले. "हृने सुरू होणारे उभे शब्द फार मिळत नाय."

मी काकांना दंडाला धरून बाहेर आणलं. रस्त्यात त्यांचा चेहरा पडलेला. "मी काय वाईट बोललो?" ते म्हणाले. "सांत्वनच केलं."

महाडमध्ये मी एक चार पानी साप्ताहिक काढतो. दर शनिवारी निघतं, म्हणजे निघायला हवं. त्याच्या तिसऱ्या पानावर खाली उजवीकडे सहा वर्षं एक शब्दकोडं छापून येत होतं. ते गमरेकाका तयार करायचे. सीताराम गमरे, एसटीतून निवृत्त. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी चौकशीच्या खिडकीमागे आणि माइकसमोर काढली. कुठल्या आगारात ते मी सांगत नाही, कारण तिथली काही माणसं अजून त्यांना शोधत असतील. काकांनीच मला अभिमानाने सांगितलेली गोष्ट आहे. खिडकीतून कुणी विचारलं, "पोलादपूर गाडी कधी?" की हे आतून विचारायचे, "भांडखोर बाई, तीन अक्षरी?" एकदा दोन गाठोडी, एक कोंबडी आणि एक रडतं पोर घेऊन आलेली बाई हे ऐकून एवढी तापली की ओरडली, "कजाग! आता गाडी सांग मेल्या!"

"बरोबर बसला," काका सांगतात. "मी उठून उभा राहिलो तिच्यासाठी. फलाटापर्यंत कोंबडी मी नेली."

माझ्या नावात अक्षरं दोन. त्यामुळे काकांच्या लेखी मी उपयोगी माणूस. दोन अक्षरी कुठेही बसतो, कुणाला आडवा येत नाही. आमच्याकडे कॉम्प्युटरवर पानं लावते ती नाझनीन चार अक्षरी, पण मधे 'झ' असल्यामुळे तिच्याशी ते जरा जपून वागतात.

ज्यांना शब्दकोड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. मराठी कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही घर एकच. आणि जिथे आडवा शब्द उभ्या शब्दाला भेटतो तिथे दोघांचं अक्षर वेलांटीसकट एकच असावं लागतं. म्हणून मराठी कोडं करणं हे इंग्रजीपेक्षा कठीण काम आहे असं काकांचं मत. "त्यांची अक्षरं सव्वीस, आणि तीपण उघडीबोडकी," ते म्हणतात. "मात्रा नाय, अनुस्वार नाय. कुठेही कोंबा. आपल्या अक्षराला घरदार हाय, डोक्यावर काय ना काय हाय."

हे काम ते करायचे जमिनीवर. काकांचं घर दोन खोल्यांचं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन नाशिककडे. बाहेरच्या खोलीत लादीवर खडूने नऊ आडव्या नऊ उभ्या घरांची चौकट आखलेली असते. काळ्या चौकोनांच्या जागी चिंचोके. अक्षरं खडूने लिहायची आणि चुकली की ओल्या फडक्याने पुसायची. कोडं पुरं व्हायला चार दिवस लागतात, आणि ते चार दिवस त्या खोलीतून चालायची सोय नसते. आलेल्या माणसाने भिंतीला घासून, टाचा उचलून पलीकडे जायचं. "पाय देऊ नका, कच्चं हाय," काका ओरडतात. एकदा वीज मंडळाचा माणूस मीटर बघायला आला. तो भिंतीला पाठ लावून अर्ध्यात पोचला आणि त्याला एक चिंचोका चुकलेला दिसला. तासभर दोघं जमिनीवर बसले होते. मीटर बघायचं राहूनच गेलं.

चौकटीच्या कडेने शब्दकोश मांडलेले. दर मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा समुद्र लोटतो, रस्ताभर पुस्तकांचे स्टॉल लागतात. सगळे लोक घरी वैचारिक पुस्तकं घेऊन जातात, काकाही घेतात, पण वर एक शब्दकोश. तोच शब्दकोश त्यांनी दोनदा घेतलेलाही मला माहीत आहे. "एक आडव्याला, एक उभ्याला," म्हणाले.

एकदा का विषय निघाला की काका कोड्याच्या उगमाशी जाऊन थांबतात. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुठल्याशा वर्तमानपत्रात नाताळच्या सुमारास पहिलं आडवंउभं कोडं आलं, ते शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. म्हणून दिवाळीत काकांना शंकरपाळे दिले की ते आधी मधोमध निरखून बघतात, मग खातात. त्या कोड्याचं नाव म्हणे आधी उलटं होतं, छापखान्यात कुणाच्या तरी चुकीने दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि तेच नाव जगभर चाललं. त्याच्याही फार आधी रोमन लोकांनी दगडावर पाच ओळींचा चौकोन कोरला होता, कुठूनही वाचा, तेच. आपल्याकडे संस्कृतात कवींनी श्लोकाची अक्षरं कमळाच्या पाकळ्यांत बसवली. हे सगळं खरं आहे, मी तपासून पाहिलं. पण शेवटी काका म्हणतात की यांच्याही आधी आमच्या रायगडातल्या शेतकऱ्याने भातखाचरं केली. पाणी आडवं जातं, उभं जातं, बांधाशी अडतं. "पहिलं कोडं ते. बाकीच्यांनी नक्कल मारली." हे मात्र मला तपासता आलं नाही.

कोड्यांच्या जातीही त्यांनी लावलेल्या होत्या. आडवी वाचा की उभी वाचा, तेच शब्द येतात ती चौकट म्हणजे राजघराणं, वर्षातून एखादी जमते. आडवंउभं म्हणजे कष्टकरी, रोजचं. अक्षरांच्या ढिगात शब्द लपवतात ते म्हणजे तांदळातले खडे निवडणं. आणि अक्षरं उलटीपालटी करून शब्द ओळखा म्हणतात ती भेळ. सार्वजनिक वाचनालयात पेपरातलं कोडं सोडवू नये अशी पाटी लागली, ती कुणामुळे हे सांगायला नको. पाटी लागल्यावर काका पेन खिशात ठेवून, पेपर वाचणाऱ्या माणसाच्या खांद्याशी उभे राहू लागले आणि कानात उत्तरं सांगू लागले. शेअर बाजाराचं पान वाचणाऱ्याच्याही.

त्यांची सूत्रं, म्हणजे शब्द ओळखायला दिलेले संकेत, हा प्रकार निराळाच. "घाट उतरताना पोटातून येते (३)." उत्तर, ओकारी. मी म्हटलं, काका, लोक जेवताना पेपर वाचतात. ते म्हणाले, "मग नीट बसेल डोक्यात."

आता वाचकांबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी गोष्ट तिथे सुरू होते.

कोड्याचं उत्तर पोस्टकार्डानेच पाठवायचं हा काकांचा नियम. पेपर कापायचा नाही, कारण आमचा एक अंक आख्खी वाडी वाचते. कार्डावर हाताने चौकट आखायची, काळे चौकोन भरायचे आणि शब्द लिहायचे. मी म्हटलं, व्हॉट्सॅपवर फोटो मागवू. काका उसळले. "त्यात माणसाचं अक्षर दिसतं का?" मला वाटलं तत्त्वाचा माणूस आहे.

दर आठवड्याला सात-आठ कार्डं यायची. उत्तरं पाठवणाऱ्यांची नावं आणि एखादं चटकदार उत्तर आम्ही छापायचो, आणि ती नावं मला घरच्या माणसांसारखी पाठ झाली होती. बिरवाडीचे धोंडू पांडुरंग साळुंके, थोरामोठ्यांसारखं वळणदार अक्षर, एक चूक म्हणून नाही. पोलादपूरच्या सौ. मंदाकिनी शेलार, दर वेळी एक शब्द चुकवायच्या आणि खाली माफी मागायच्या. मुक्काम मस्कतचे हसनमियां, त्यांचं कार्ड तिकिटाशिवाय आमच्या दारातल्या पेटीत पडायचं. गावी येणारा भाचा आणून टाकतो असं काका म्हणाले होते. ही मंडळी एकमेकांची उत्तरं वाचून भांडायची सुद्धा. "उशिरा येतं, आलं की उपयोग नसतो (५)" या सूत्राला शेलारबाईंनी 'शहाणपण' लिहिलं, साळुंक्यांनी 'म्हातारपण'. तीन आठवडे कार्डांवरून वाद. शेवटी साळुंक्यांनी लिहिलं, "बाईंना अजून दोन्हीचा अनुभव नसावा." मी ते छापलं. अंक चर्चेत येईल म्हणून खूश होतो. चर्चा काही कानावर आली नाही.

बिरवाडीचा एक ओळखीचा शिक्षक एकदा म्हणाला, आमच्याकडचे हे साळुंके कोण, पाहिले नाहीत कधी. काका तिथेच बसलेले. "तो बाहेर पडत नाय," ते म्हणाले. "कोड्यात असतो."

आणि मग गेल्या पावसाळ्यात साळुंके वारले. मुलाने कळवलं, असं सांगत काकाच ऑफिसात आले. डोळ्यांत पाणी. आम्ही चौकटीत दोन ओळी छापल्या: आमचे चोखंदळ वाचक, अल्पशा आजाराने. त्या आठवड्याच्या कोड्यात काकांनी दोन काळे चौकोन जास्त ठेवले होते.

तर असं सगळं चाललेलं असताना पोलादपूरकडच्या एका प्लॉटवाल्याची वर्षभराची जाहिरात आली, आणि त्याला जागा हवी होती नेमकी तिसऱ्या पानावर खाली उजवीकडे. मी बरेच दिवस टाळलं. मग एका सोमवारी काकांना बोलावून सांगितलं. काका, वाचक उरले नाहीत. सात-आठ कार्डांसाठी एवढी जागा परवडत नाही. या शनिवारच्या अंकाला निदान दहा कार्डं आली तर कोडं चालू, नाहीतर बंद.

काकांनी टेबलावरचा अंक सरळ केला. बोटं मोजली नाहीत.

"दहा?"

"दहा."

"बसतंय," ते म्हणाले आणि उठले.

नेमकी त्या आठवड्यात नाझनीन मामेबहिणीच्या लग्नाला म्हसळ्याला गेली. तिसरं पान मी स्वतः लावलं. सूत्रं नवी घातली आणि चौकट मात्र मागच्या आठवड्याची राहिली. शनिवारी सकाळी अंक हातात घेतला आणि मला घाम फुटला. सात आडव्याला सूत्रात तीन अक्षरं, चौकटीत घरं पाच. बारा उभा तर सुरूच होत नव्हता, तिथे काळा चौकोन. असलं कोडं कुणाच्या बापाला सुटलं नसतं.

एरवी अनुस्वार सुटला तरी काका दहाच्या ठोक्याला दारात उभे राहून तासभर बोलायचे. मी चहा मागवून, मान खाली घालून बसून राहिलो. काका आलेच नाहीत. रविवारी नाहीत. सोमवारी आले ते शांत. चुकीबद्दल एक अक्षर नाही. म्हणाले, "तुमची तब्येत बरी दिसत नाय. या आठवड्याचं टपाल मी आणत जातो. बसा तुम्ही."

मला गहिवरून आलं. मी म्हटलं, नको काका, तुम्हाला कशाला त्रास. ते म्हणाले, त्रास कसला. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. आमचं हे चाललेलं असतानाच पोस्टमन आत आला आणि त्याने गठ्ठा माझ्या हातात ठेवला. काका म्हणाले, "मला जरा काम हाय," आणि इतक्या लगबगीने गेले की चपला अदलाबदल करून माझ्या घालून गेले.

तेवीस कार्डं. पोलादपूरचे शिक्के, बिरवाडीचे, कापड्याचे, आणि दारातल्या पेटीत निघालेलं, तिकिटाशिवायचं, मस्कतचं एक. मी आनंदाने ती टेबलावर पसरली. लोकांना कळलं असणार, कोडं बंद पडतंय म्हणून धावून आले! नाझनीन परत आली होती. ती एकेक कार्ड उचलून बघत होती.

"सर," ती म्हणाली, "हे सगळ्यांचं बरोबर आलंय."

"मग?"

"सर, आपण चौकट चुकीची छापली होती ना?"

मला अजूनही उजेड पडला नव्हता. तिने ड्रॉवरमधून काकांनी दिलेला मूळ कागद काढला आणि कार्डाशेजारी ठेवला. तेवीसच्या तेवीस कार्डांवर काळे चौकोन मूळ कागदाप्रमाणे होते. ती चौकट आम्ही छापलीच नव्हती. ती दोनच ठिकाणी होती, माझ्या ड्रॉवरमध्ये आणि गमरेकाकांच्या लादीवर.

चपला बदलून आणायच्या निमित्ताने मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. काका भिंतीला टेकून बसले होते. जमिनीवर चौकट नव्हती, लादी स्वच्छ पुसलेली. मी आत गेलो तरी ते "पाय देऊ नका" म्हणाले नाहीत.

"शुक्रवारीच टाकली होती," ते आपणहून म्हणाले. "एसटीचा माणूस, फिरायला काय. सकाळी निघायचं, बिरवाडीत दोन, पोलादपुरात तीन, कापड्याला एक, असं टाकत यायचं. या वेळी जास्त होती म्हणून दोन फेऱ्या झाल्या. शनिवारी अंक बघितला तर चौकट दुसरीच. म्हटलं, आता पेटीतनं काढता येत नाय."

"सगळीच तुम्ही? शेलारबाई?"

"त्या डाव्या हाताने."

"हसनमियां?"

काकांनी ओलं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"आणि साळुंके? अहो, निधनाची बातमी छापली आम्ही!"

"चांगली छापली होती," काका म्हणाले. "त्यांचं अक्षर फार वळणदार होतं हो. माझं मनगट दुखायला लागलं. काय करणार?"

मला हसू आवरेना आणि राग पण आवरेना. मी विचारलं, कशासाठी हे सगळं? काकांनी एक चिंचोका उचलला आणि बोटांत फिरवत बसले.

"पहिला महिना मी वाट बघितली," ते म्हणाले. "एक कार्ड नाय. तुम्ही बंद कराल म्हणून मग साळुंके काढले. म्हटलं, एखादं नाव छापलं की बाकीचे येतील. नाय आले. मग शेलारबाई काढल्या. सहा वर्षांत एक खरं कार्ड नाय आलं हो. एक नाय." मग जरा थांबून म्हणाले, "माइकवर बोलायचो तेव्हा निदान माणसं पळताना दिसायची."

 ते स्वतःच म्हणाले, "करा बंद. प्लॉटवाल्याला द्या जागा." मी होय म्हटलं. चपला घातल्या आणि परत आलो. त्या दिवशी मी घरी सगळ्यांवर उगाच खेकसलो. सहा वर्षं एक माणूस आठवड्याला सात-आठ माणसं होऊन मला पत्रं लिहीत होता आणि मला, संपादकाला, पत्ता नव्हता.

गुरुवारी चोविसावं कार्ड आलं. कापड्याचा शिक्का, निळं बॉलपेन, अक्षर मोठं आणि थरथरतं. वर अर्धी भरलेली, खोडून खोडून काळी झालेली चौकट. खाली लिहिलं होतं:

"तुमचा चौकोन चुकलाय का मी चुकते ते कळत नाय. चार दिवस बसले. सात आडव्याला शब्द तीन घराचा आणि घरं पाच. माझ्या डोक्याचं काय बिघडलं का ते कळवा. नाव छापू नका, घरात हसतील. यशोदा पार्टे, कापडे."

मी कार्ड नाझनीनकडे दिलं. तिने ते दोनदा वाचलं, चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सर, यातली चौकट चुकलेली आहे. म्हणजे हे खरं आहे."

मी धावतच काकांकडे गेलो. त्यांनी कार्ड हातभर लांब धरून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं, उलटं करून शिक्का पाहिला.

"चांगलं जमलंय," ते म्हणाले. "थरथर कशी काढलीत? मला नाय कधी जमली."

"काका, मी नाही लिहिलेलं. खरं आहे."

"मग नाझनीनने. मला दया दाखवू नका हो, मी त्या धंद्यातला माणूस हाय."

"शिक्का बघा, कापड्याचा आहे."

"कापड्याचा शिक्का तर मी पण आणतो."

"चौकट बघा, चुकीची आहे."

"तुम्हाला माहीतच होती ना चूक."

बोलण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना जवळजवळ ओढतच डेपोत नेलं. पोलादपूरला गाडी बदलली. वाटेत काकांनी दोनदा कार्ड खिशातून काढून पाहिलं आणि परत ठेवलं.

कापड्याला भातकापणी उरकली होती, खाचरांत नुसते सड उभे होते. पार्ट्यांचं घर एका बाईने दाखवलं, "त्या लंगड्या आजीचं का?" म्हणून. ओटीवर सत्तरीच्या पुढची एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. शेजारी काठी, आणि पाटाखाली आमच्या साप्ताहिकाचा गठ्ठा.

मी सांगितलं, आम्ही महाडहून, पेपरकडून आलो. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदर सारखा केला.

"काय वो, एवढ्यासाठी आलात? कार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं. माझी चूक का तुमची तेवढं सांगा."

"आमची," मी म्हणालो.

"बघ गो!" तिने आतल्या सुनेला हाक मारली. "मी म्हणत व्हती का नाय? डोकं ठीक हाय माझं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दोन वर्सं झाली, कंबर मोडली तवापासनं हितंच बसून हाय. पोरगा कंपनीतनं येताना पेपर आणतो. चार दिवस पुरतं ते कोडं. या टायमाला चार दिवस नुस्तं घर मोजत बसली. जेवण गोड लागंना."

काका ओटीच्या पायरीवरच उभे होते. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "दोन वर्षं सोडवताय, मग उत्तर का नाय पाठवलंत कधी?"

"मी?" ती हसली. "चौथी शिकलेली बाय मी. तिथं उत्तर पाठवणारी माणसं कसली जाणती! साळुंके, शेलारबाई. परदेशातनं पण पाठवतात. त्यांच्यात माझं कार्ड कुठं ठेवाल?"

मी काकांकडे बघायचं टाळलं. ज्यांना वाचक यावेत म्हणून जन्माला घातलं होतं, त्यांच्याच धाकाने एकुलती एक वाचक दोन वर्षं गप्प बसली होती.

"साळुंके गेले तवा मी लई रडली," म्हातारी म्हणाली. "सुनेला वाटलं माहेरचं कोण गेलं. तुमच्या वळखीतले व्हते का?"

हा प्रश्न तिने नेमका काकांना विचारला. काका पायरीवर खाली बसले. 

"होते," ते म्हणाले. "फार एकटा माणूस होता."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "अक्षी मन लावून सोडवायचे ते. घरात कोण बोलाया असतं तर एवढं कोण सोडवतो?"

काकांनी डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, घरात खडू आहे का. खडू नव्हता. सुनेने चुलीतला कोळसा दिला. काकांनी ओटीच्या कडेच्या सारवलेल्या जमिनीवर खरी चौकट आखली, घरं मोजली, काळे चौकोन भरले. रेघा सरळ आल्या. आजी काठी टेकत सरकून जवळ आली, पेपरातली सूत्रं मांडीवर घेतली आणि कोळसा हातात घेतला.

मला त्या दिवशी लक्षात आलं की आपलं कोडं कुणी सोडवताना गमरेकाकांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते गुडघ्यांना मिठी मारून बसले होते. तिने एक शब्द लिहिला की यांची मान हलायची. ती अडली की हे श्वास रोखायचे. ओकारीला ती तोंडावर पदर धरून हसली आणि "मेला कोण लिवतो हे!" म्हणाली, तेव्हा काकांचा चेहरा कुणी हार घालावा तसा झाला होता. तिने त्यांना त्यांचं नाव विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी सांगणार एवढ्यात काकांनी माझ्या मांडीवर हात ठेवून मला गप्प केलं.

दुपारची परतीची गाडी वळणावर दिसली. ती चुकली की पुढची फार उशिरा. मी उठलो. "काका, गाडी."

काका उठले नाहीत. गाडी पारापाशी येऊन थांबली, ड्रायव्हरने आमच्याकडे बघून हॉर्न दिला. आयुष्यभर माइकवरून गाड्यांच्या वेळा पुकारलेला तो माणूस मागे न बघता हात हलवून 'जा' म्हणाला.

"हळू बोला," त्यांनी मला दटावलं. "बाई नवव्या उभ्यावर हायत."

गाडी गेली. मी परत ओटीवर टेकलो, प्लॉटवाल्याला काय सांगायचं याचा विचार करू लागलो, आणि दहाची अट मनातल्या मनात एकावर आणली.